बायबलच्या वंशावळींतील हिब्रू नावे : अर्थ, उगम आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्पत्तीचा पाचवा, दहावा आणि अकरावा अध्याय, पहिल्या इतिहासाचे पहिले नऊ अध्याय, रूथचा शेवट, मत्तयाची सुरुवात. बायबलच्या पुस्तकांतली ही पाने बहुतेक वाचक भराभर उलटतात, कारण समोर नुसती नावांची रांग दिसते. हिब्रू वाचणाऱ्याला तिथे वाक्ये दिसतात. खाली परिचित नावे मराठी बायबलमधल्या रूपात दिली आहेत. जिथे अक्षरांवर बोलायचे आहे तिथे हिब्रू उच्चाराच्या जवळचे रूप घेतले आहे.

या नावांना खरोखर अर्थ असतो का?

बहुतेकांना असतो, आणि तो तेव्हाच्या ऐकणाऱ्याला सरळ कळत असे. हिब्रू नाव पुष्कळदा एक छोटे वाक्यच असते. त्यात एक कर्ता असतो आणि बहुधा एक क्रियापद. इश्माएल म्हणजे ‘देव ऐकतो’. योनाथान म्हणजे ‘यहोवाने दिले’. एलीया म्हणजे ‘माझा देव याह’. आपल्याकडचे देवदत्त आणि हिब्रू एलनाथान यांचा विग्रह जवळजवळ सारखाच होतो.

देवाचे नाव दोन प्रकारे येते. ‘एल’ हा देवासाठीचा सर्वसाधारण सेमिटिक शब्द. तो नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो (एलनाथान, नथनेल). दुसरे म्हणजे इस्राएलच्या देवाचे खास नाव, यहोवा (आखूड रूप याह). सुरुवातीला आले तर त्याचे ‘यहो’ किंवा ‘यो’ होते, शेवटी आले तर ‘याहू’ किंवा ‘या’. म्हणून यहोशवा, योशीया, हिज्कीया, यिर्मया या सगळ्या नावांत तेच दैवी नाव दडलेले आहे.

देवाचे नाव नसलेली नावेही भरपूर आहेत, विशेषतः प्राणी आणि झाडे यांच्यावरून पडलेली. राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी, योना म्हणजे पारवा, तामार म्हणजे खजुराचे झाड, तोला म्हणजे किडा.

एखाद्या नावाची फोड कशी करायची?

हा क्रम पाळला तर बहुतेक नावे सुटतात.

१. आधी नावाची हिब्रू व्यंजने मिळवा. स्वरचिन्हे सध्या बाजूला ठेवा, ती हस्तलिखितांत पुष्कळ शतकांनंतर घातली गेली. स्ट्राँगच्या १८९० सालच्या बायबल-शब्दसूचीतला क्रमांक इथे कामाला येतो, कारण प्रत्येक हिब्रू शब्दाला त्यात स्वतंत्र क्रमांक आहे. पण तो क्रमांक शब्द ओळखण्यापुरताच वापरा. तिथला दोन शब्दांचा अर्थ म्हणजे अंतिम निकाल नव्हे.

२. देवाचे नाव वेगळे काढा : एल, यहो, यो, याहू, या.

३. नातेवाचक शब्द पाहा : अब (पिता), अह (भाऊ), अम्म (आप्त, लोक). पुढची ‘ई’ पुष्कळदा ‘माझा’ दाखवते. अबीया म्हणजे ‘याह माझा पिता’, अम्मीएल म्हणजे ‘देव माझा आप्त’.

४. उरलेल्या भागातून तीन व्यंजनांचा धातू शोधा.

५. धातूचे रूप पाहा. ‘नाथान’ हे झालेल्या क्रियेचे रूप आहे : दिले. ‘यिश्मा’ हे चालू किंवा पुढे होणाऱ्या क्रियेचे : ऐकतो, ऐकेल, ऐको.

नून-ताव-नून (ही हिब्रू अक्षरांची नावे), म्हणजे ‘देणे’, हा एकच धातू घेऊन पाहा. नाथान हे आखूड रूप, ‘(त्याने) दिले’. एलनाथान आणि नथनेल यांत तेच दोन घटक उलटसुलट क्रमाने आले आहेत. योनाथान आणि नथन्या ही यहोवाच्या नावाची जोडी. ‘मत्तान’ म्हणजे देणगी, त्यावरून मत्तन्या आणि मत्तिथ्या. मत्तिथ्याचे ग्रीकमध्ये मत्थायोस झाले आणि मराठीत मत्तय. नव्या करारातली पहिली वंशावळ ज्याच्या नावाच्या पुस्तकात आहे, त्याचे नावही याच धातूचे.

सर्वात जास्त घोटाळा चौथ्या पायरीवर होतो. सारखा ऐकू येणारा पहिला धातू दिसला की लोक तिथेच थांबतात. दोन-तीन धातू शक्य असतील तर सगळे नोंदवा, आणि तसेच घटक असलेली दुसरी नावे कोणाच्या बाजूने बोलतात ते पाहा.

मराठी बायबलमधल्या स्पेलिंगवरून अर्थ काढला तर चालेल का?

नाही. हिब्रूत आलेफ आणि आयिन ही दोन वेगळी व्यंजने आहेत. देवनागरीत दोघांचे ‘अ’ होते, किंवा ती नाहीशीच होतात. ‘हे’ आणि ‘हेत’ या दोन अक्षरांसाठी ‘ह’ लिहिला जातो. सामेख आणि सिन या दोघांचा ‘स’ होतो.

आशेर हे नाव घ्या. ते आलेफने लिहितात, म्हणून त्याचा संबंध सुखाशी, धन्यतेशी आहे. तोच उच्चार आयिनने लिहिला तर धातू ‘श्रीमंत होणे’ हा होतो. मराठी डोळ्याला फरक दिसत नाही. त्यामुळे ‘आशेर म्हणजे धनवान’ असे सांगणारे लेख सापडतात आणि ते चुकीचे असतात. हाबेल आणि हनोख यांचेही तसेच. हाबेलचा ‘ह’ म्हणजे ‘हे’ हे अक्षर (हेवेल : श्वास, वाफ), हनोखचा ‘ह’ म्हणजे ‘हेत’. दोघांना एका धातूखाली आणता येत नाही.

पण बायबल स्वतःच नावाचा अर्थ सांगते. मग तोच मूळ अर्थ नाही का?

ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्ही महत्त्वाची आहेत. बायबल पुष्कळदा नावाच्या ध्वनीशी जुळणारा शब्द घेऊन त्या माणसाच्या जन्माची किंवा आयुष्याची खूण सांगते. व्युत्पत्ती म्हणजे ते नाव व्याकरणाने कशापासून बनले ते. कधी दोन्ही एकच निघतात, पुष्कळदा निघत नाहीत.

रऊबेनची व्याकरणाने फोड होते ‘पाहा, मुलगा’. उत्पत्ती २९:३२ मध्ये लेआ म्हणते की यहोवाने माझे दुःख पाहिले. ‘पाहणे’ हा धातू जुळतो, ‘बेन’ (मुलगा) मात्र तिच्या वाक्यात येतच नाही. योसेफला उत्पत्ती ३० मध्ये लागोपाठ दोन कारणे मिळतात : देवाने माझी निंदा दूर केली (आसाफ), आणि यहोवा मला आणखी एक मुलगा देवो (योसेफ). व्याकरण दुसऱ्याच्या बाजूने आहे.

सर्वात विचार करायला लावणारे उदाहरण शमुवेलचे. १ शमुवेल १:२० मध्ये हन्ना म्हणते, मी त्याला यहोवापाशी मागून घेतले. ‘मागणे’ हा धातू शीन-आलेफ-लामेद आहे. शमुवेल या नावात तो बसत नाही. त्याची सरळ फोड ‘देवाचे नाव’ किंवा ‘त्याचे नाव एल’ अशी होते. मागण्याचा धातू नेमका बसतो तो शौल या नावात. २८व्या वचनात तर ‘हू शाऊल’, म्हणजे ‘तो मागितलेला आहे’, असे शब्द आहेत, आणि तेच पुढच्या राजाचे नाव आहे. मूळ लिखाणात हे मुद्दाम गुंफले आहे असे आमचे मत आहे. पुस्तकाच्या पहिल्याच प्रसंगात संदेष्टा आणि राजा यांची नावे एकमेकांत अडकवली आहेत. भाषांतरात हे पूर्ण हरवते.

आदामपासून नोहापर्यंतच्या दहा नावांत एक गुप्त वाक्य आहे, असा संदेश फिरतो. ते खरे आहे का?

खरे नाही. दहा नावांचे अर्थ ओळीने मांडून ‘मनुष्याला मर्त्य दुःख नेमले आहे, पण धन्य देव खाली येऊन शिकवील, त्याचा मृत्यू निराश लोकांना विसावा देईल’ अशा धर्तीचे वाक्य तयार केले जाते. एकेक नाव तपासले की ते टिकत नाही.

आदाम म्हणजे मनुष्य, हे बरोबर. ‘अदामा’ म्हणजे माती, तिच्याशी त्याचा खेळ मूळ मजकुरातच आहे. शेथ म्हणजे ‘नेमले’, हा अर्थ उत्पत्ती ४:२५ मधून घेतला आहे, तोही ध्वनीच्या जुळणीने. अनोश म्हणजेही मनुष्यच. ‘मर्त्य’ ही त्यावर चढवलेली छटा आहे.

केनान म्हणजे ‘दुःख’ हे चूक. ‘कीना’ म्हणजे शोकगीत, तो शब्द वेगळा आहे. केनान हे काइनच्या नावाशी जोडलेले दिसते, आणि काइनचा संबंध भाला किंवा धातुकामाशी लावतात. महललेल म्हणजे ‘देवाची स्तुती’, ‘धन्य देव’ नव्हे. यारेद हा ‘खाली उतरणे’ या धातूशी जुळतो. हनोखचा धातू ‘दीक्षा देणे, अर्पण करणे, वळण लावणे’ असा आहे, त्यामुळे ‘शिकवणे’ ओढूनताणून बसवता येते.

मथुशलह हा या संदेशाचा कणा आहे. ‘त्याचा मृत्यू आणील’ किंवा ‘तो मरेल तेव्हा पाठवले जाईल’ असा अर्थ सांगतात. ‘त्याचा मृत्यू’ याला हिब्रूत ‘मोतो’ म्हणतात, आणि ‘पाठवील’ याला ‘यिश्लह’ लागते. नावात दोन्ही नाहीत. ‘मथु’ म्हणजे माणूस. काइनच्या वंशातल्या मथुशाएलमध्येही तोच घटक आहे. ‘शेलह’ हा शब्द बायबलमध्ये फेकायच्या शस्त्रासाठी येतो. म्हणून ‘भाल्याचा माणूस’ ही फोड सर्वात सरळ. ‘शेलह’ हे देवतेचे नाव असावे, असेही एक मत आहे.

लामेखला हिब्रूत धातूच मिळत नाही. ‘निराश’ हा अर्थ इंग्रजीतल्या ‘लॅमेंट’ या शब्दाच्या ध्वनीवरून सुचलेला दिसतो. उरला नोहा. त्याचे नाव ‘विसावणे’ या धातूचे आहे. पण उत्पत्ती ५:२९ मध्ये लामेख ‘सांत्वन करील’ हा वेगळा धातू (नून-हेत-मेम) वापरतो. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांना हा सांधा खटकला असावा, कारण त्यांनी तिथे ‘विसावा देईल’ असेच लिहिले.

दहा नावांपैकी निम्मी वाकवावी लागतात तेव्हा कुठे वाक्य तयार होते. श्रद्धेला अशा आधाराची गरज नाही, आणि हिब्रू जाणणाऱ्यासमोर तो पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

मग मथुशलह जलप्रलयाच्या वर्षीच मेला, हे तरी खरे का?

हिब्रू मजकुराच्या आकड्यांप्रमाणे, हो. लामेख झाला तेव्हा मथुशलह १८७ वर्षांचा, नोहा झाला तेव्हा लामेख १८२ वर्षांचा, प्रलय आला तेव्हा नोहा ६०० वर्षांचा. बेरीज ९६९, आणि मथुशलहाचे आयुष्य ९६९ वर्षे. शोमरोनी (समॅरिटन) लोकांनी जपलेल्या पंचग्रंथात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या पाठात, आकडे ६७, ५३ आणि ६००, बेरीज ७२०, आणि तिथे त्याचे आयुष्यही ७२०. ग्रीक भाषांतराच्या प्रमुख पाठात मात्र १६७, १८८ आणि ६०० मिळून ९५५ होतात आणि आयुष्य ९६९ च राहते. म्हणजे तो तारवात नसताना प्रलयानंतर १४ वर्षे जगतो. काही ग्रीक प्रतींत १६७ चे १८७ केलेले आढळते. नकलनविसाला ही अडचण दिसली होती.

एकाच माणसाची दोन-दोन नावे का दिसतात?

पहिले कारण म्हणजे घटकांची अदलाबदल. यहूदाचा राजा यहोयाखीन, यखन्या आणि कोन्याहू अशा तीन रूपांत येतो. घटक तेच आहेत : यहोवा, आणि ‘स्थिर करणे’. पहिल्या रूपात दैवी नाव पुढे आहे, दुसऱ्यात मागे, आणि तिसऱ्यात (यिर्मया २२:२४) क्रियापदाचे पहिले अक्षर गळले आहे. बाबेलमध्ये सापडलेल्या, इ.स.पू. ५९२च्या सुमाराच्या शिधावाटपाच्या पाट्यांवर यहूदाचा राजा म्हणून याचीच नोंद आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. शौलाचा मुलगा २ शमुवेलमध्ये ईश्बोशेथ आहे आणि १ इतिहास ८:३३ मध्ये एश्बाल. योनाथानाचा मुलगा एकीकडे मफीबोशेथ आणि दुसरीकडे मरीब्बाल. ‘बाल’ म्हणजे धनी, स्वामी. हा शब्द एके काळी नावांत निर्धास्तपणे वापरला जाई. पुढे तो कनानी देवतेशी घट्ट जोडला गेला, तेव्हा त्याच्या जागी ‘बोशेथ’, म्हणजे ‘लाज’, घातले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. गंमत अशी की ‘इतिहास’ या उशिरा लिहिलेल्या पुस्तकातल्या वंशावळीने जुने रूप जपले आहे. इस्राएलमधल्या खिर्बेत कैयाफा या उत्खननस्थळी २०१२ मध्ये सापडलेल्या रांजणावर ‘इशबाल बेन बेदा’ असे कोरलेले आहे. तो हा राजपुत्र नव्हे, पण नाव त्या काळात खरोखर वापरात होते याचा तो पुरावा आहे.

दोन याद्यांत एकाच नावाचे स्पेलिंग वेगळे असेल तर?

आधी दालेत आणि रेश तपासा. या दोन अक्षरांत फरक असतो तो फक्त वरच्या उजव्या कोपऱ्याचा. दालेतला तिथे टोक असते, रेशचा कोपरा गोल असतो. शाई थोडी पसरली की एकाचे दुसरे होते. उत्पत्ती १०:४ मध्ये दोदानीम, १ इतिहास १:७ मध्ये रोदानीम. ग्रीक भाषांतरही ‘रो’च्या बाजूचे आहे आणि रोड्स बेटाचे लोक तिथे अर्थाने बसतात, म्हणून दुसरे रूप मूळ मानतात. उत्पत्ती १०:३ मध्ये रीफाथ, इतिहासात दीफाथ. गणना १:१४ मध्ये दउएल, २:१४ मध्ये रउएल. यानंतर वाव आणि योद ही जोडी तपासावी.

प्रत्येक फरक मात्र चूक नसतो. यहोशवाच्या पुस्तकातला आखान १ इतिहास २:७ मध्ये आखार होतो, कारण ‘आखार’ म्हणजे संकटात टाकणे. ‘इतिहास’ या पुस्तकाच्या लेखकाने त्याच्या करणीची खूण नावातच उमटवली आहे.

वंशावळीतली सगळी नावे माणसांचीच असतात का?

नाही. उत्पत्तीचा दहावा अध्याय हा कुळवृक्षाच्या रूपात मांडलेला जगाचा नकाशा आहे. मिस्राईम म्हणजे मिसर देश. ‘ईम’ हा अनेकवचनी प्रत्यय असल्यामुळे लूदीम, कफतोरीम हे समूह आहेत. सीदोन हे शहर. अश्शूर, एलाम, अराम हे प्रदेश. यावान म्हणजे ग्रीक लोक. जुन्या फारसीतला ‘यौन’ आणि संस्कृतातला ‘यवन’ हे त्याच आयोनिया नावाचे भाऊबंद आहेत.

१ इतिहास २ मध्ये ‘बेथलेहेमाचा बाप सल्मा’ आणि ‘किर्याथ-यारीमचा बाप शोबाल’ असे येते. इथे बाप म्हणजे गाव वसवणारा किंवा त्या गावचे मूळ घराणे.

‘पुत्र’ म्हणजे पोटचा मुलगाच ना?

दर वेळी नाही. ‘बेन’ मुलगा, नातू, वंशज आणि गटाचा सदस्य या सगळ्यांसाठी चालतो. म्हणून पिढ्या गाळता येतात, आणि वर्षांची बेरीज करून काळ ठरवताना फसगत होते.

मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या येशूच्या वंशावळींच्या याद्या जुळत का नाहीत?

मत्तयाची यादी चौदा-चौदाच्या तीन गटांत बांधलेली आहे. त्यासाठी योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे गाळले आहेत. १ इतिहास ३:११-१२ शेजारी ठेवले की ते लगेच दिसते. तिसऱ्या गटात मोजायला गेले तर नवी नावे तेराच भरतात, यखन्याला पुन्हा धरावे लागते. दावीद या नावाच्या हिब्रू अक्षरांची किंमत दालेत ४, वाव ६, दालेत ४, म्हणजे १४ होते. चौदाचा आग्रह यामुळे असावा, हे स्पष्टीकरण आम्हाला पटते, कारण दावीद हाच त्या यादीचा मध्यबिंदू आहे.

लूक उलट्या दिशेने आदामापर्यंत जातो. दावीदानंतर तो शलमोनाऐवजी नाथानाची शाखा धरतो. लूक ३:३६ मधला केनान हिब्रू उत्पत्ती ११ मध्ये नाही, तो ग्रीक भाषांतरात आहे. मरीयेचा पती योसेफ याचा पिता मत्तयात याकोब आणि लूकमध्ये एली आहे. एक यादी मरीयेची, किंवा एक पिता कायद्याने आणि दुसरा जन्माने, अशी उत्तरे पूर्वापार दिली जातात. मजकूर स्वतः खुलासा करत नाही.

यहोशवा आणि येशू हे एकच नाव आहे का?

हो. यहोशवाचे उत्तरकालीन आखूड रूप येशुआ. नहेम्या ८:१७ मध्ये नूनाचा मुलगा यहोशवा यालाच येशुआ म्हटले आहे. ग्रीकमध्ये ‘श’ नाही आणि आयिनही नाही, म्हणून ‘श’चा ‘स’ झाला, आयिन गळले, शेवटी ग्रीक पुल्लिंगी ‘स’ लागला : इएसूस.

परक्या भाषांतली नावेही आहेत का?

आहेत, आणि ती इतिहासाचे धागे दाखवतात. मोशेचे नाव निर्गम २:१० मध्ये ‘पाण्यातून ओढून काढणे’ याला जोडले आहे, पण थुतमोस यासारख्या मिसरी नावांतला ‘जन्मलेला’ हा घटक त्यात दिसतो. याजक फिनहासचे नावही मिसरी, ‘नूबियाचा, सावळा’ अशा अर्थाचे. जरूब्बाबेल म्हणजे ‘बाबेलचे बीज’, आणि हा दावीदाच्या राजवंशातला. मर्दखय या नावात मार्दुक ही बाबेलची देवता आहे.

आईबाप मुलांना ‘आजार’, ‘मूर्ख’ अशी नावे का ठेवतील?

रूथच्या पुस्तकातले महलोन आणि किल्योन ही नावे आजारपण आणि झिजणे यांची आठवण देतात, आणि दोघेही लवकर मरतात. नाबाल म्हणजे मूर्ख. कथनात नाव स्वभावाला किंवा नशिबाला जुळवून घेतलेले असू शकते, किंवा मूळचा वेगळा धातू तसा ऐकवला गेलेला असू शकतो. अशा ठिकाणी कथेतला अर्थ ठाम सांगावा, व्युत्पत्तीचा दावा जपून करावा.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजात ही नावे कशी टिकली?

मराठी वळण घेऊन. शमुवेलचे सामाजी झाले, यहेज्केलचे हसाजी. पुढे गावावरून आडनाव : दिवेकर, पेणकर, रोहेकर. मुंबईतले पहिले सभास्थान १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर यांच्या नावात दोन बायबली नावे आणि एक कोकणी गाव एकत्र आहेत. प्रार्थनेत, विवाहपत्रावर मात्र ‘अमुक बेन अमुक’ हीच वंशावळीची रीत चालते. मलिदा या नवसाच्या विधीच्या वेळी ज्याचे स्मरण होते तो एलियाहू हनबी म्हणजे वर उल्लेखलेला एलीयाच.

बाळासाठी असे नाव निवडताना काय तपासावे?

हिब्रू व्यंजने पाहा, कुठल्या वचनात ते नाव येते ते पाहा, आणि त्या नावाची किती माणसे आहेत तेही पाहा. एकाच नावाचे दोन-तीन लोक असतात आणि एकाची कीर्ती दुसऱ्याला चिकटते. हनोख काइनचाही मुलगा आहे आणि यारेदचाही. नाव आवडले असेल पण अर्थ अनिश्चित असेल तर बारशाच्या पत्रिकेवर अर्थ छापू नका. त्याऐवजी ज्या वचनात ते नाव आले ते छापा.